वामनभाऊंचं बिनफोडणीचं वरण

वामनभाऊ गेल्याची बातमी सुधाकरला मला तीनदा सांगावी लागली. फोन चंद्रपूरकडच्या मूल गावाहून होता, सकाळची वेळ होती, आणि माझे कान अजून इतके काही गेलेले नाहीत. पण पलीकडून कोणी उशीत तोंड खुपसून बोलत असावं असा आवाज येत होता. "अरे, मोठ्यानं बोल," मी दोनदा ओरडलो. तरी तितक्याच हळू आवाजात तो म्हणाला, "काका, फोन पुढच्या खोलीत हाय. इथी मोठ्यानं नाई बोलवत." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाप गेल्याचं सांगतानाही या मुलानं बापाचा नियम मोडला नव्हता. तिसऱ्या खेपेला शब्द जुळले. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत वामनभाऊ गेले होते. मी फोन ठेवला आणि इथे नागपुरात, स्वतःच्याच घरात, लेकीला ही बातमी कुजबुजतच सांगितली.

मूलमधल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत गेली चाळीसेक वर्षं कोणी आवाज चढवलेला नाही. भांडायचं असेल तर मागच्या अंगणात जायचं, हसू फुटलं तर तोंडावर हात धरून ओसरीवर यायचं. नवख्या माणसाला वाटतं, घरात कोणी आजारी आहे. तसं कोणी आजारी नाही. एकेकाळी मात्र होतं, आणि ते आजारी म्हणजे दोन मासे होते. वामनभाऊंबद्दल लिहायचं तर त्या माशांना बाजूला ठेवून लिहिताच येत नाही, आणि माझ्या हातून झालेली एक चूकही मग लिहावी लागते. ती मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

मी मूलला प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून गेलो तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती, आणि आमचा सगळा मुलूख मध्य प्रदेशातून उठून नुकताच मुंबई राज्यात जाऊन बसला होता. मूलला काही फरक पडला नव्हता. धान पिकत होतं, राइस मिलचा भोंगा वेळेवर होत होता. त्या मिलमध्ये वामनभाऊ इंजिनवर मिस्त्री होते. दिवसभर इंजिनाच्या कानाशी ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता की ते घरी "पानी दे" म्हणाले की शेजारच्या घरातली बाई पाणी घेऊन यायची. मी त्यांच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहायचो आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवायचो. सगुणाबाई, म्हणजे त्यांची बायको, तुरीच्या वरणाला लसूण आणि लाल मिरचीची अशी काही फोडणी द्यायच्या की भिंतीपलीकडे वह्या तपासत बसलेल्या माझ्या हातून चुकीच्या गणितालाही बरोबरची खूण व्हायची. मी मूलला तीन वर्षांसाठी गेलो आणि अकरा वर्षं राहिलो, त्यात शिक्षणखात्याचा वाटा थोडा आणि त्या फोडणीचा मोठा आहे.

मासे आले ते निबारणबाबूंबरोबर. मिलमध्ये नवीन यंत्र बसवायला कलकत्त्याहून हा फिटर आला होता. बारीक, चष्मा लावणारा, दुपारी झोपणारा माणूस. देशाची फाळणी झाली तेव्हा पूर्व बंगालातलं घर सोडून निघालेला. त्याच्या सामानात हत्यारांची एक पेटी आणि झाकणाला भोकं पाडलेला एक डबा होता, आणि डब्यात दोन मासे. कलकत्त्याच्या कुठल्याशा ज्यूट मिलचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना ते याला देऊन गेला होता. डिस्कस त्यांचं नाव. अंगानं चपटे, गोल, तळहाताएवढे, तांबूस रंगावर निळ्या रेघा, आणि चेहऱ्यावर कायम कोणी तरी अपमान केल्याचा भाव. मूलचे लोक त्यांना 'ताटल्या' म्हणू लागले. निबारणबाबूनं मिलच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी पट्ट्यांची चौकट करून काच बसवली, तळाला पत्रा घातला आणि तीन फूट लांबीची पेटी तयार केली. दोन वर्षं ती त्याच्या खोलीत होती. मग कलकत्त्याला त्याची आई आजारी पडली आणि त्याला जावं लागलं. जाताना तो पेटी वामनभाऊंच्या पुढच्या खोलीत ठेवून गेला. "हम लौटेगा, वामनबाबू," तो म्हणाला. "तब तक इनको बचाके रखिए. घर से हम कुछ लाया नहीं. अभी यही दो है."

वामनभाऊंनी पेटीवर हात ठेवला. "तुमी या तं खरं," ते म्हणाले, "मासोळ्या जित्याच भेटतीन."

एवढंच बोलणं झालं. पण वामनभाऊंचा शब्द म्हणजे त्यांनी आवळलेला नट, तो सुटायचा नाही. त्या दिवसापासून ते दोन मासे जिवंत ठेवणं हेच त्यांच्या जन्माचं काम झालं, आणि इंजिन, मिल, बायको आणि मी असे सगळे त्यानंतर.

आता ज्या गावात तलावाची ताजी मासोळी पाटीभर दारात येते, त्या गावात न खाण्यासाठी मासे पाळणं म्हणजे काय ते समजून घ्या. येणारा प्रत्येक माणूस पेटीसमोर उभा राहायचा, डावीकडून बघायचा, उजवीकडून बघायचा आणि विचारायचा, "कवा करता मंग?" सगुणाबाईंचा तर सुरुवातीपासून विरोध. "खाची नाई, इकाची नाई, तं ठेवाची काऊन?" त्या मला विचारायच्या, जसा काही मीच कलकत्त्याहून ते आणले होते. मी मान हलवून भात कालवत राहायचो. ज्या घरी जेवायचं त्या घरच्या वादात पडायचं नाही, एवढं मला ट्रेनिंग कॉलेजात न शिकवताही कळत होतं.

निबारणबाबू एक इंग्रजी पुस्तिका ठेवून गेला होता. ती वाचायचं काम माझ्याकडे आलं. माझं इंग्रजी चौथीला पुरेल इतकं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी वाचायचो आणि वामनभाऊ समोर बसून कथा ऐकावी तसं ऐकायचे. रोज चौथा हिस्सा पाणी बदला. पाणी मऊ हवं, विहिरीचं क्षाराचं चालत नाही. म्हणून वामनभाऊ रोज सकाळी सायकलला दोन डबे बांधून जंगलाच्या कडेच्या बोडीवर जायचे. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. ऐनाची-अर्जुनाची पानं पडून तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसायचं, आणि ताटल्यांना तेच मानवायचं. पाण्यात हवा खेळती ठेवा, असंही पुस्तिकेत होतं. त्यासाठी पेटीवर भोक पाडलेलं मडकं टांगलं होतं, महादेवाच्या पिंडीवर असतं तसं थेंब थेंब गळणारं. खायला डासांच्या अळ्या. त्याही वामनभाऊ अंगणात एका फुटक्या रांजणात मुद्दाम पोसायचे, आणि संध्याकाळी आम्ही सगळे पाय खाजवत बसायचो.

पाणी चौऱ्याऐंशी डिग्री गरम ठेवा, असं लिहिलं होतं. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून वामनभाऊंनी थर्मामीटर आणला. तो माणसाचा, त्याचे आकडेच चौऱ्याण्णवच्या पुढे सुरू होत. तीन दिवस रोज बुडवून बघितला आणि तिन्ही दिवस मी निकाल दिला की माशांना ताप नाही. शेवटी सगुणाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी पदर खोचला, कोपर पाण्यात बुडवलं आणि म्हणाल्या, "बाळंतिणीच्या पोराले आंघोळ घालाच्या पान्यापक्षा जरासं कमी. ठेवा असंच." तेव्हापासून थर्मामीटर परत गेला आणि कोपर कायम राहिलं. विरोध चालूच होता, पण दिवसातून दोनदा कोपर बुडवून मग विरोध व्हायचा.

गरम कसं ठेवायचं, त्याची सोय मिलमध्येच होती. धानाचा कोंडा. घमेलंभर कोंडा दाबून मध्ये निखारा ठेवला की तो आत आत धुमसत राहतो, ज्वाळा नाही, गडबड नाही. पेटीच्या पत्र्याखाली ते घमेलं सरकवायचं, दिवसातून तीनदा बदलायचं. हे तंत्र पुस्तिकेत नव्हतं. असतं तर मी डिक्शनरीत शोधत बसलो असतो.

आणि पुस्तिकेतली शेवटची सूचना: हे मासे भित्रे असतात, मोठा आवाज करू नका. मी हे वाचलं आणि वर बघितलं. वामनभाऊ पेटीकडे बघत होते. त्यांचा आवाज ऐकून मिलच्या छपरावरची पाखरं उडायची, हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ते घरी आले, पुढच्या खोलीत उभे राहिले, आणि हवेतल्या हवेत ओठ हलवले. सगुणाबाई घाबरून बाहेर आल्या. "काय झालं जी? घसा बसला?" वामनभाऊंनी खूण करून त्यांना जवळ बोलावलं आणि कानाशी म्हणाले, "पानी दे." सगुणाबाई पाणी द्यायला विसरून माझ्या दारात आल्या. तोंड गंभीर होतं, पण डोळे हसत होते. "मास्तर," त्या म्हणाल्या, "लग्नाले नऊ वर्सं झाले. आज पयल्यांदा माह्याशी मानसासारखा बोलला हा मानूस."

अशी दिवाळी गेली. मग पौषातली थंडी आली. आमच्याकडची थंडी जंगलातून येते आणि मातीच्या भिंतीतून आत शिरते. त्याच दिवसांत धान घरात आलेलं असतं आणि गावोगाव नाटकांचे मांडव पडतात. झाडीपट्टीतला, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्यातला, माणूस एकवेळ सख्ख्या भावाच्या लग्नाला दांडी मारेल, पण नाटक चुकवणार नाही. मीही तोवर झाडीपट्टीचा झालो होतो. त्या दिवशी पलीकडच्या गावात नाटक होतं, सगळी आळी बैलगाड्या जुंपून निघाली होती, सगुणाबाई बायकांच्या गाडीत केव्हाच बसल्या होत्या. नेमकी मिलच्या बॉयलरची नळी फुटली आणि वामनभाऊ तिथे अडकले. त्यांनी मला निरोप पाठवला: घमेलं भरा, नीट दाबा, मग जा.

मी भरलं. पण गाडीवाला बाहेर हाका मारत होता, आणि कोरडा कोंडा आणायला मिलच्या कोठारापर्यंत जायला हवं होतं. अंगणातल्या ढिगावरचाच उचलला. त्यावर दव पडलेलं होतं. बोटांना लागलं, कळलंही... आणि मी वरून निखारा ठेवला, घमेलं सरकवलं आणि गाडीत उडी मारली. नाटक चांगलं झालं. नायिकेचं काम करणाऱ्या माणसाच्या मिशा फार थोड्या दिसत होत्या.

सकाळी परतलो तेव्हा वामनभाऊ पेटीसमोर उकिडवे बसले होते. घमेलं त्यांनी बाहेर ओढलेलं होतं. वर बोटभर राख, खाली सगळा कोंडा ओला, गार, जसाच्या तसा. पेटीतलं पाणी विहिरीसारखं थंड. ताटल्या कोपऱ्यात तिरक्या होऊन एकमेकींना टेकल्या होत्या. वामनभाऊंनी घमेल्यात हात घातला, मूठभर कोंडा उचलला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "औंदाचा कोंडाच ओला हाय," आणि उठून दुसरं घमेलं भरायला गेले. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी त्या कोंड्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तीन दिवसांनी दोन्ही माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, रवा चिकटावा तसे. ते दगडांना अंग घासू लागले, खाईनात. मी डिक्शनरी घेऊन पुस्तिका उलटीपालटी करू लागलो. सगुणाबाई नेहमीप्रमाणे कोपर बुडवायला आल्या आणि तशाच थांबल्या. वाकून, काचेला नाक लावून त्यांनी बघितलं. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, लहानपणीचे. त्याच साथीत त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. त्याचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बराच वेळ बघून त्या सरळ झाल्या, पदर डोक्यावर घेतला आणि पेटीला हात जोडले. "माता आली," त्या म्हणाल्या.

"अवो, मासोळीले कुठी माता येते?" वामनभाऊ कुजबुजले.

"मले आली होती, मी वळखत नाई काय?" त्यांनी उलट विचारलं. त्यांचा आवाजही हळूच होता, पण त्यावर बोलायची कोणाची टाप नव्हती.

आणि त्या क्षणापासून घर त्यांनी हातात घेतलं. दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधल्या. पेटीवर ओलं लुगडं टाकून अंधार केला. बाहेरच्या माणसाला मज्जाव, आतल्या माणसाला पाय धुतल्याशिवाय प्रवेश नाही. वामनभाऊंनी दाढी करायची नाही. पाणी आणखी गरम ठेवायचं, मातेला गारठा सोसत नाही. मिठाच्या पाण्यानं अंग पुसायचं असतं. मासा पुसता येत नाही, म्हणून त्यांनी मूठभर खडेमीठ पाण्यात सोडलं. आणि घरात तळण नाही, फोडणी नाही. मातेला तेलाचा खकाणा चालत नाही. मी पुस्तिकेतलं पान शोधून काढलं ते दुसऱ्या दिवशी. घसा साफ करून वाचलं: उष्णता वाढवा. अंधार करा. मीठ घाला. शांतता राखा. स्वयंपाकाचा धूर आणि तेलकट वाफ पाण्यावर जाऊ देऊ नका. सगुणाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मंग मी कालपासून काय सांगून राह्यली?" त्या म्हणाल्या.

माझे मात्र हाल सुरू झाले. दोन्ही वेळा उकडलेलं वरण, मीठ आणि भात. तिसऱ्या दिवशी मी शाळेच्या कपाटात लोणच्याची बरणी लपवली. पाचव्या दिवशी मला फोडणीची स्वप्नं पडू लागली. तक्रार करायला तोंड नव्हतं. त्या ओल्या कोंड्याची चव प्रत्येक घासाला यायची.

इकडे मिलमध्ये दाढी वाढलेले वामनभाऊ बघून शेटजींनी विचारलं, घरी माता कोणाला आली. वामनभाऊंना खोटं बोलता येत नसे. "दोघं पाहुणे हायेत," ते म्हणाले. "बंगालकडले." बस्स. त्या काळी देवी म्हणजे थट्टा नव्हती, एकेक घर रिकामं व्हायचं. बंगालहून आलेले दोन रोगी मूलमध्ये लपवून ठेवलेत, ही बातमी संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या टोकाला पोहोचली, आणि दुसऱ्या सकाळी देवी डॉक्टर हजर झाला. हा डॉक्टर म्हणजे लस टोचणारा माणूस. तो दिसला की एरवी आळी ओस पडायची, बायका पोरं घेऊन मागच्या दारानं शेतात पळायच्या. पण त्या दिवशी भीती दाराशीच होती. अख्खी आळी बाह्या वर करून वामनभाऊंच्या दारात रांगेत उभी राहिली. डॉक्टरला आयुष्यात असं दृश्य दिसलं नव्हतं. त्यानं दुपारपर्यंत सगळ्यांना टोचलं. मला टोचलं. सुई बघून वामनभाऊ इंजिनसकट पळून जायच्या बेतात होते, त्यांना सगुणाबाईंनी दंडाला धरून बसवलं.

मग त्यानं आपली लशीची पेटी बंद केली आणि विचारलं, "पेशंट कुठे आहेत?"

"पाय धुवा," सगुणाबाई म्हणाल्या.

डॉक्टर पाय धुऊन आत आला. सगुणाबाईंनी लुगडं वर उचललं. दोन ताटल्या डॉक्टरकडे बघू लागल्या, नेहमीच्या अपमानित चेहऱ्यानं. डॉक्टरचा चेहराही हळूहळू तसाच झाला. "हे काय आहे?" तो गरजला.

"हळू बोला जी," वामनभाऊ कळवळून म्हणाले, "आत्ता कुठी डोळा लागला त्याहीचा."

माशाला पापणी नसते हे डॉक्टरला माहीत असणार. त्यानं एकदा निंबाच्या डहाळ्यांकडे बघितलं, एकदा गळणाऱ्या मडक्याकडे, आणि मग सगुणाबाईंच्या चेहऱ्याकडे बघून नजर खाली घेतली. वही काढून लिहिलं, आणि लिहिलेलं मला दाखवलं: 'संशयित दोन. तपासले. देवी नाही.' जाताना अंगणात त्याचा पाय रांजणाला लागला. त्यानं आत वाकून बघितलं. आरोग्यखात्याच्या माणसाला एखाद्या घरी मुद्दाम पोसलेल्या डासांच्या अळ्या दिसाव्यात, आणि तेही त्याच भेटीत... त्यानं आकाशाकडे पाहिलं, रांजणावर झाकण ठेवलं आणि सायकलवर बसला.

अकराव्या दिवशी ठिपके गळाले. ताटल्यांनी अळ्या खाल्ल्या. सगुणाबाईंनी निंबाच्या पाण्यानं खोली सारवली, दारातल्या डहाळ्या उतरवल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी डोकावलो तर त्या चुलीपुढे रडत होत्या. "सोमाले असंच उठाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. सोमा त्यांचा भाऊ. त्या दिवशी मी फोडणीची आठवण काढली नाही, आणि त्यांनीही फोडणी दिली नाही.

निबारणबाबू आला तो होळीनंतर, आईचे दिवस करून, डोक्याचे केस नुकते वाढू लागलेले. त्याला कलकत्त्यातच काम मिळालं होतं. तो मासे न्यायला आला होता. दोन्ही मासे जिवंत बघून त्यानं चष्मा काढून पुसला. वामनभाऊंनी शब्द पाळला होता आणि आता तो पुरा करायचा होता. त्यांनी भोकांचा डबा घासूनपुसून ठेवला, बोडीचं ताजं पाणी आणलं, डब्यात ओतलं आणि तिथेच बसून राहिले. मासे पकडायला त्यांचे हात उठेनात.

"काऊन बसले जी?" सगुणाबाई दारातून म्हणाल्या. मग निबारणबाबूकडे वळून अगदी शांतपणे, "भाऊ, मातेतून उठलेल्याले सव्वा महिना शिवेबाहेर नेत नाई. राहा तुमी इथी."

ठिपके जाऊन सव्वा महिना केव्हाच उलटून गेला होता. ते मला माहीत होतं, वामनभाऊंना माहीत होतं, आणि निबारणबाबूला आम्ही सगळी हकीकत तारीखवार सांगितली होती. तो सगुणाबाईंकडे बघत राहिला. मग त्यानं डबा उचलला, त्यातलं पाणी हळूच पेटीत ओतलं. "हाँ दीदी," तो म्हणाला, "नियम तो मानना पड़ेगा." चार दिवस तो राहिला. रोज पेटीसमोर बसायचा. पाचव्या दिवशी रिकामा डबा घेऊन गेला. स्टेशनवर गाडी सुटताना त्यानं खिडकीतून विचारलं, "वामनबाबू, आप रो रहे हैं क्या?" वामनभाऊ स्टेशनभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाई." बाहेर तो आवाज अजून शाबूत होता.

ताटल्या त्यानंतर पाच वर्षं जगल्या. सुधाकर त्यांच्यासमोरच रांगला. एक गेली, महिन्याभरात दुसरी गेली. वामनभाऊंनी त्यांना बोडीकाठी अर्जुनाखाली पुरलं. पेटीत मग सगुणाबाईंनी तूरडाळ ठेवली. पण खोलीत आवाज काही वर गेला नाही, आणि पौषात एक दिवस, थंडी सगळ्यात जास्त वाटेल त्या दिवशी, घरात फोडणी न देण्याची रीतही मोडली नाही. सगुणाबाई गेल्यावर ती रीत वामनभाऊंनी चालवली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

फोन आल्यानंतर पाचेक आठवड्यांनी मी मूलला गेलो. खोली तशीच. तीच पेटी, तीच डाळ, आणि भिंतीवर वामनभाऊंचा नवा फोटो, त्यात ते काही तरी ओरडायच्या बेतात असल्यासारखे. सुधाकर ड्यूटीवर गेला होता. सून, शालिनी, हळू आवाजात म्हणाली, "काका, बरं झालं आले. आज आमच्या घरी फोडणीचं नाई राहत. मामाजी थंडी पाहून दिवस ठरवत, मी कालच्या गारठ्यावरून आजचा धरला. पन तुमी इतक्या लांबून आले, अन् मामाजीही आता नाईत... पाहुण्याले फिकं काऊन वाढाव? तेल ठेवलं मी." आतून तापलेल्या तेलाचा वास येत होता. लसूण ठेचलेला दिसत होता. मग ती दारातच थांबली. "हे आमच्याकडलं कोन्या देवाचं हाय हो, काका? यायलेही ठाऊक नाई."

मी तिला सगळं सांगितलं. निबारणबाबू, कोपर, डॉक्टर, सोमा. आणि कोंडाही सांगितला. दव हाताला लागलं होतं, मला कळलं होतं, तरी मी गाडीत उडी मारली. आणि त्यांनी ते बघून माझ्याकडे बघितलं नाही. हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोललो, त्याच खोलीत, त्यांच्या फोटोसमोर, पण फार हळू. शालिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होती. ती हसत होती की रडत होती ते मला नीट दिसलं नाही. मग ती आत गेली. गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला.

तिनं पान वाढलं. भात, आणि त्यावर पिवळं, फिकं, नुसत्या मिठाचं वरण. ताटाच्या कडेला तिनं माझ्यासाठी लोणच्याची बरणीही आणून ठेवली होती. मी ती हातानं जरा लांब सरकवली आणि जेवायला बसलो.